धूसरपणाचा धनी कोण?

१ नोव्हेंबर १९१७ची संध्याकाळ. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन या डोंगरावर शंभर इंच व्यासाच्या आरशाची हूकर दुर्बीण पहिल्यांदा आकाशाकडे वळणार होती. तेव्हा जगात तिच्याएवढी मोठी दुर्बीण नव्हती. तिच्या आरशाची काच फ्रान्समध्ये ओतली गेली होती आणि ती घासून तिला आकार देण्यात जॉर्ज रिची यांची कित्येक वर्षे गेली होती. हा सारा घाट ज्यांनी घातला ते जॉर्ज एलरी हेल, त्यांचे सहकारी वॉल्टर अ‍ॅडम्स आणि पाहुणे म्हणून आलेले इंग्रज कवी आल्फ्रेड नॉइज घुमटाखाली जमले. दुर्बीण गुरू ग्रहावर रोखली गेली. हेल यांनी नेत्रभिंगाला डोळा लावला. मग अ‍ॅडम्स यांनी लावला. दोघेही गप्प झाले. एका गुरूच्या जागी एकमेकांवर चढलेल्या अनेक प्रतिमा दिसत होत्या. जणू आरशाचा प्रत्येक तुकडा आपापला वेगळा गुरू दाखवत होता.

चौकशी केल्यावर कळले की, त्या दिवशी कामगारांनी काम करताना घुमट उघडा ठेवला होता आणि आरशावर ऊन पडले होते. काच तापली होती आणि आता ती कुठे भरभर, कुठे सावकाश निवत होती. आरशाचा आकार त्यामुळे बिघडला असेल का? की आरसा मुळातच सदोष आहे? उत्तरासाठी थांबण्यावाचून उपाय नव्हता. पहाटे तीन वाजता पुन्हा भेटायचे ठरवून दोघे विश्रांतीला गेले. झोप कुणालाच आली नाही. अडीचच्या सुमाराला दोघेही परत घुमटाखाली हजर होते. दुर्बीण एका तेजस्वी ताऱ्याकडे वळवली, तेव्हा त्या ताऱ्याचा एकच, लखलखीत, टाचणीच्या टोकासारखा बिंदू दिसला. नॉइज यांनी पुढे ‘वॉचर्स ऑफ द स्काय’ या दीर्घकाव्याची सुरुवात याच रात्रीच्या वर्णनाने केली.

ही गोष्ट बहुधा हेल यांच्या धीराची म्हणून सांगितली जाते. मला मात्र ती एका तपासाची गोष्ट वाटते. प्रतिमा धूसर आहे, एवढे तर कुणालाही दिसते. तो धूसरपणा कुणाचा, हे ठरवणे हे दुर्बिणीवर काम करणाऱ्याचे खरे कसब. संशयित साधारण तीन असतात. पहिला काच, म्हणजे आरशाचा आकार. दुसरा हवा, म्हणजे तारा आणि आरसा यांच्यामध्ये असलेले सगळे उष्ण-शीत थर. आणि तिसरा जागा, म्हणजे प्रकाश जिथे एकवटतो नेमकी तिथेच आपली तबकडी किंवा कॅमेरा आहे की नाही. तिसऱ्यालाच आपण फोकस म्हणतो. मोठ्या दुर्बिणीवरची प्रत्येक रात्र या तिघांच्या उलटतपासणीने सुरू होते, आणि हे काम तारे उगवण्याच्या बरेच आधी, भर दुपारी हाती घ्यावे लागते.

दुपारी सुरू होणारी रात्र

उदाहरणासाठी दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण घेऊ. अशी एक दुर्बीण आपल्याकडेच आहे. पुण्यापासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर गिरवली गावाजवळच्या डोंगरावर ‘आयुका’ या संस्थेची ही वेधशाळा २००६ साली सुरू झाली. पावसाळ्यात तिथली निरीक्षणे बंद असतात. पाऊस ओसरला, आकाश धुऊन निघाले की हंगाम सुरू होतो. म्हणजे आपल्या घरी फराळाची तयारी चालते, त्याच सुमारास सह्याद्रीच्या या भागात दुर्बिणीही कामाला लागते.

पावसाळ्यातला बंद काळ दुर्बिणीच्या देखभालीला सोयीचा असतो. दुर्बिणीच्या आरशात प्रकाश परावर्तित करते ती काच नव्हे. काच फक्त आकार धरून ठेवते. परावर्तन करतो तो काचेवर चढवलेला ॲल्युमिनियमचा थर. या थराची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढी असते. दोन मीटरच्या आरशाचे क्षेत्रफळ धरून हिशेब केला, तर एवढ्या मोठ्या आरशाला लागणारे ॲल्युमिनियम एका ग्रॅमहूनही कमी भरते. धूळ, दमट हवा आणि काळ यांनी हा थर हळूहळू मंद होतो. मग जुना थर रसायनांनी उतरवून, आरसा निर्वात टाकीत ठेवून नवा थर चढवावा लागतो. दोन मुलाम्यांच्या मध्ये आरशाला फडके लावायची सोय नाही, कारण धुळीचा एखादा कण त्यावर ओरखडा काढू शकतो. म्हणून कित्येक वेधशाळांत आरसा कलता करून त्यावर कार्बन डायऑक्साइडचा भुगभुशीत बर्फ फवारतात. तो खाली घरंगळताना धूळ सोबत घेऊन जातो.

आता निरीक्षणाच्या दिवसाकडे येऊ. दुपारी पहिली पाहणी कॅमेऱ्याची. त्यातली सीसीडी ही प्रकाशसंवेदी चकती सामान्य तापमानाला स्वतःच्याच उष्णतेने गोंगाट करते. अंधारातही तिला प्रकाश आल्याचा भास होतो. म्हणून ती शून्याखाली सुमारे शंभर अंशांपर्यंत थंड ठेवतात. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी कॅमेऱ्याच्या थर्मासमध्ये रोज द्रवरूप नायट्रोजन भरावा लागतो. भरताना पांढरी वाफ जमिनीवर लोळते, पाहुण्यांना त्याचे कौतुक वाटते, आणि भरणाऱ्याचे लक्ष मात्र हातमोज्यांवर असते. त्यानंतर झाकण बंद ठेवून काही कोरी चित्रे घेतात. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या खोडी त्यांत उमटतात आणि नंतर ताऱ्यांच्या चित्रांतून त्या वजा करता येतात.

दुसरी पाहणी उष्णतेची. माउंट विल्सनचा धडा कुणी विसरलेले नाही. दिवसभर घुमट बंद, शक्य असेल तिथे आतली हवा येणाऱ्या रात्रीच्या अपेक्षित तापमानाइतकी थंड राखलेली. सूर्य मावळतीला आला की घुमटाची फट सूर्याच्या विरुद्ध दिशेला वळवून उघडतात. पंखे सुरू होतात. आत साठलेली ऊब बाहेर जाऊ देणे आणि आरसा बाहेरच्या हवेइतका गार होऊ देणे, हा यामागचा हेतू. आरसा हवेपेक्षा एका अंशाने जरी ऊबदार राहिला तरी त्याच्यावर तापल्या तव्यावर दिसते तशी हवेची थरथर उठते. घुमटात माणसाने उभे राहणेही परवडत नाही, कारण प्रत्येक माणूस म्हणजे शंभर वॅटचा चालता-बोलता दिवा. म्हणूनच निरीक्षक आता शेजारच्या नियंत्रणकक्षात बसतात. लडाखमधील हानले येथे, साडेचार हजार मीटर उंचीवर असलेली दोन मीटरची दुर्बीण तर बंगळूरजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते.

तिसरी पाहणी दवाची. रात्री आकाशाकडे तोंड करून असलेला आरसा स्वतःची उष्णता आकाशाला देत राहतो. हवा दमट असेल तर त्यावर दव धरते, दवात धूळ कालवली जाते आणि मुलाम्यावर चिखलाचे डाग पडतात. आर्द्रता ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की आकाश कितीही मोकळे असो, घुमट बंद करावाच लागतो. या नियमापुढे निरीक्षकाची विनवणी चालत नाही.

संधिप्रकाशाची काही मिनिटे फार मोलाची असतात. तारे अजून दिसत नाहीत आणि आकाश सगळीकडे सारखे उजळ असते. अशा आकाशाची चित्रे घेतली की कॅमेऱ्याचा कोणता ठिपका तल्लख, कोणता मंद, फिल्टरवर धुळीचे कडे कुठे पडले आहे, हे सारे कळते. घाई केली तर चित्र पांढरेफटक होते, उशीर केला तर तारे डोकावू लागतात. मग एखाद्या परिचित ताऱ्याकडे दुर्बीण वळवून ती सांगितल्या जागी पाहते आहे ना, याची खात्री करतात. आणि आता पाळी येते फोकसची.

केसाच्या अर्ध्या जाडीत

या कामाला इतके महत्त्व का, ते थोड्या अंकगणिताने समजेल. आकाशातील अंतरे आपण अंश, कला आणि विकला यांत मोजतो. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. दोन मीटरचा निर्दोष आरसा वातावरणाबाहेर नेला तर तो विकलेच्या सातशतांश एवढा बारीक तपशील वेगळा दाखवू शकेल. जमिनीवर मात्र हवेच्या थरथरीमुळे तारा चांगल्या रात्री एक ते दीड विकला रुंदीचा दिसतो. आरशाच्या अंगच्या कुवतीतला मोठा वाटा हवा असा आधीच काढून घेते. उरलेल्यात आपल्या चुकीने आणखी तूट येऊ नये, एवढेच आपल्या हाती असते.

दुर्बिणीत तळाशी मोठा खोलगट आरसा असतो. तो प्रकाश गोळा करून वर पाठवतो. तिथे छोटा दुय्यम आरसा तो पुन्हा खाली वळवतो आणि मोठ्या आरशाच्या मधल्या भोकातून प्रकाश मागच्या कॅमेऱ्यात उतरतो. समजा, मोठ्या आरशाचे नाभीय अंतर व्यासाच्या तिप्पट, म्हणजे सहा मीटर आहे आणि दोन्ही आरशांचे मिळून नाभीय अंतर व्यासाच्या दहापट, म्हणजे वीस मीटर आहे. मग कॅमेऱ्यावर एक विकला म्हणजे सुमारे एकदशांश मिलिमीटर. प्रकाशाचा शंकू एकास दहा या प्रमाणात निमुळता होत येत असल्याने कॅमेरा नाभीपासून एक मिलिमीटर चुकला की बिंदूच्या जागी एकदशांश मिलिमीटरची, म्हणजे एका विकलेची चकती उमटते.

एक मिलिमीटर म्हणजे काही फार नाजूक गोष्ट वाटत नाही. पण फोकस करताना सहसा हलवतात तो दुय्यम आरसा, आणि इथे गंमत अशी की दुय्यम आरसा जेवढा सरकतो त्याच्या सुमारे बारापट नाभी सरकते. म्हणजे धूसरपणा एकतृतीयांश विकलेच्या आत ठेवायचा, तर दुय्यम आरसा मिलिमीटरच्या तीन शतांशांच्या आत त्याच्या जागी हवा. माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीहूनही हे कमी आहे, आणि त्या आरशाचे वजन कित्येक किलो असते.

आता तापमान लक्षात घ्या. दोन आरशांमधले अंतर सुमारे चार मीटर. त्यांना जोडणारी चौकट पोलादाची. तापमान एका अंशाने उतरले की चार मीटर पोलाद मिलिमीटरच्या पाच शतांशांनी आखडते. एवढ्याने नाभी सहा दशांश मिलिमीटर सरकते. संध्याकाळी फोकस अगदी अचूक लावला आणि पहाटेपर्यंत पारा आठ अंशांनी उतरला, तर कुणीही कशाला हात न लावता तारा सुमारे पाच विकला रुंदीचा होऊन बसतो. दीड विकलेची उत्तम हवा त्या रात्री लाभली होती, हे मग चित्र पाहून कळणारही नाही.

यात खरी किंमत आहे ती वेळेची. अंधूक ताऱ्याचा प्रकाश आकाशाच्या स्वतःच्या मंद उजेडातून निवडून काढावा लागतो. तारा दुप्पट रुंद झाला की त्याचा तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो, त्याच्यासोबत आकाशाचा उजेडही चौपट येतो आणि तेवढ्याच खात्रीचे मोजमाप करायला सुमारे चौपट वेळ द्यावा लागतो. मोठ्या दुर्बिणीवरच्या रात्री अर्ज करून मिळतात. समिती त्यांची छाननी करते, अर्ज पुष्कळ आणि रात्री थोड्या. एखाद्या संशोधक विद्यार्थिनीला वर्षातून दोन रात्री मिळाल्या आणि त्यांतली एक फोकसच्या हलगर्जीत गेली, तर तिच्या हाती सव्वा रात्रीचेच काम येते. स्फोट झालेला तारा ओसरत असेल, एखादा लघुग्रह ताऱ्यासमोरून जाणार असेल, तर ती रात्र पुन्हा येतही नाही.

तानपुरा लावावा तसा

प्रत्यक्षात फोकस कसा करतात? फार तेजस्वी नाही, फार अंधूकही नाही असा एक तारा निवडायचा. तेजस्वी ताऱ्याने कॅमेऱ्याचे ठिपके भरून वाहतात आणि मोजमाप फसते. पाच-दहा सेकंदांचे चित्र घ्यायचे. त्याहून कमी वेळ दिला तर हवेची एखादी लाटच आपण मोजून बसतो. ताऱ्याची रुंदी मोजायची. दुय्यम आरसा ठरावीक पायरीने सरकवायचा, पुन्हा चित्र, पुन्हा मोजणी. सात-आठ पायऱ्यांनंतर आलेख काढला की तो वाटीसारखा दिसतो: दोन्ही बाजूंना तारा रुंद, मधे कुठेतरी सर्वांत अरुंद. वाटीचा तळ सपाट असल्याने नुसते तळाकडे बघून नेमका मध्य सापडत नाही. दोन्ही बाजूंच्या चढांवरून तो काढावा लागतो. म्हणून योग्य जागा सापडल्यासारखी वाटली तरी तिच्या पुढे, मुद्दाम चुकीच्या बाजूला जावेच लागते.

तानपुरा लावणाऱ्याला हे नवे नाही. तार सुराच्या वर नेऊन, खाली आणून तो सूर पक्का करतो. खुंटीत थोडी ढील असते, म्हणून शेवटचा पीळ तो नेहमी एकाच बाजूने देतो. दुय्यम आरसा हलवणाऱ्या स्क्रूमध्येही अशीच ढील असते. वरून खाली येताना दाखवलेला आकडा आणि खालून वर जातानाचा तोच आकडा या दोन वेगळ्या जागा असू शकतात. म्हणून शेवटची हालचाल एकाच दिशेने, हा नियम. आणि मैफल रंगत असताना हवा पालटली की तानपुरा उतरतो, पुन्हा जुळवावा लागतो, तसेच इथेही आहे. तापमान बदलले, दुर्बीण माथ्यावरून क्षितिजाकडे कलली, फिल्टर बदलला की फोकस पुन्हा बघायचा. सहा मिलिमीटर जाडीच्या साध्या काचेतून गेल्यावर नाभी सुमारे दोन मिलिमीटर मागे जाते. म्हणून एका संचातले सगळे फिल्टर शक्यतो सारख्या जाडीचे घडवतात, आणि उरलेला फरक संगणकाच्या कोष्टकात मांडून ठेवतात. आज तापमापकाकडे पाहून संगणक आपणहून बरीच दुरुस्ती करतो. तरी ती किती करायची, हे कुणीतरी अनेक रात्री नोंदी ठेवून त्याला शिकवलेले असते.

कॅमेऱ्याऐवजी फोटोच्या काचा होत्या तेव्हा हे काम डोळ्याने होई. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लेआँ फूको यांनी १८५८च्या सुमारास शोधलेली युक्ती त्यासाठी वापरत. ताऱ्याचा प्रकाश जिथे एकवटतो तिथे डोळा ठेवला की सगळा आरसा प्रकाशाने भरलेला दिसतो. आता त्या जागी वस्तऱ्यासारखी धार हळूच आडवी सरकवायची. धार नाभीच्या अलीकडे असेल तर आरशावर सावली धारेच्या दिशेने चढते, पलीकडे असेल तर उलट दिशेने. धार नेमकी नाभीवर आली तर सावली कुठूनच येत नाही. सगळा आरसा एकदम मावळतो. कॅलिफोर्नियातील पालोमार येथील दोनशे इंची दुर्बिणीत निरीक्षक नळीच्या वरच्या टोकाला, मुख्य नाभीपाशी असलेल्या पिंजऱ्यात बसून रात्र काढत. हिवाळ्यात तिथे विजेवर तापणारे कपडे घालून बसावे लागे, कारण घुमट गरम करणे म्हणजे पुन्हा १९१७ची चूक करणे.

कड्यांची साक्ष

फोकस लावताना तारा मुद्दाम बराच धूसर केला, तर तो आपली कबुली देऊ लागतो. बिंदू फुगून त्याचे प्रकाशाचे कडे होते. मधे काळे भोक दिसते, ती दुय्यम आरशाची सावली. हे कडे वाचता येणे म्हणजे निम्मा तपास.

भोक कड्याच्या बरोबर मध्ये नसेल, एका बाजूला झुकले असेल, तर दोन्ही आरसे एका रेषेत नाहीत. अशा दुर्बिणीत फोकसवर आणलेल्या ताऱ्यालाही धूमकेतूसारखे शेपूट फुटते. कडे नाभीच्या अलीकडे एका दिशेत लांबट आणि पलीकडे गेल्यावर काटकोनात लांबट दिसत असेल, तर आरशाला कुठेतरी चिमटा बसला आहे, त्याचे आधार सारखा भार घेत नाहीत. कडे गोल आहे, भोक मध्ये आहे, पण त्यातून उकळत्या पाण्यासारखे काहीतरी सरकते आहे, तर दोष हवेचा. आणि तो प्रवाह सावकाश असेल तर बहुधा घुमटातल्याच हवेचा. यांपैकी एकही दोष फोकस मागे-पुढे करून जात नाही. तरी घाईतला निरीक्षक तेच करत राहतो, कारण हाताशी बटन तेवढे एकच असते.

यातला भाराचा प्रश्न आरसा मोठा होत जाईल तसा बिकट होतो. पालोमारच्या आरशाचे वजन साडेचौदा टन. तापल्यावर काच कमी फुगावी म्हणून तो साध्या काचेऐवजी पायरेक्सचा ओतला. २ डिसेंबर १९३४ रोजी ओतलेली ती काच निववायलाच महिने लागले. वजन कमी करायला तिच्या पाठीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे ठेवले आणि त्यांत ३६ आधार बसवले. दुर्बीण कलेल तसा प्रत्येक आधार आपल्यावरचा भार आपणच सावरून घेतो. नळीची चौकट मार्क सेरुरिए या अभियंत्याने अशी योजली की, ती कलल्यावर वाकते खरी, पण दोन्ही टोके सारखीच आणि समांतर खाली येतात, त्यामुळे आरसे एका रेषेत राहतात. वाकणे टाळता येत नसेल तर सर्वांनी मिळून सारखे वाकावे, असा तो शहाणपणा आहे. तरीही १९४८ साली उद्घाटन झाल्यावर आरशाची कड किंचित उंच आढळली आणि डॉन हेंड्रिक्स यांनी ती १९४९मध्ये तिथेच, डोंगरावर, पुन्हा घासली.

आजच्या दुर्बिणी ही कड्यांची साक्ष यंत्राने नोंदवतात. ताऱ्याचा प्रकाश बारीक भिंगांच्या जाळीतून पाठवला की प्रत्येक भिंग आरशाच्या एकेका तुकड्याचा स्वतंत्र ठिपका उमटवते. ठिपका जागेवरून सरकला, तर तेवढा तुकडा वाकडा. मग आरशामागचे दट्टे त्याला सरळ करतात. हवाईतील केक दुर्बिणीचा दहा मीटरचा आरसा तर ३६ षट्कोनी तुकड्यांचा आहे. ते तुकडे एक आरसा म्हणून वागावेत यासाठी त्यांच्या कडांवरचे संवेदक रात्रभर एकमेकांची उंची तपासत असतात.

जिथे फोकस हरतो

काचेचा आकार किती अचूक लागतो? दृश्य प्रकाशासाठी आरशावरचा चढउतार मिलिमीटरच्या सुमारे तीस हजाराव्या भागाच्या आत असावा लागतो. दोन मीटरचा आरसा ताणून मुंबईपासून गोंदियापर्यंत पसरला, तर त्यावरचा सर्वांत मोठा उंचवटा बोटभर रुंदीचाही भरू नये, अशी ही अट आहे.

ही अट मोडली तर काय होते, हे एप्रिल १९९०मध्ये अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीने दाखवले. तिथे हवा नाही, त्यामुळे एक संशयित आपोआप सुटला. प्रतिमा धूसर आल्या तेव्हा जमिनीवरून फोकस पुन्हा पुन्हा बदलून पाहिला. पण आरशाच्या कडेकडून येणारा प्रकाश एका ठिकाणी जमत होता आणि मध्यभागाचा दुसऱ्या. सर्व प्रकाश जिथे जमेल अशी जागाच अस्तित्वात नव्हती. अडीच मीटरच्या जवळपास व्यास असलेल्या त्या आरशाची कड सुमारे दोन मायक्रॉनांनी, मिलिमीटरच्या दोन सहस्रांशांनी, जास्त सपाट घासली गेली होती.

यातला जिव्हारी लागणारा भाग पुढे आहे. आरसा फार अचूक घासला होता. फक्त चुकीच्या आकाराबरहुकूम. त्याची परीक्षा घेणाऱ्या उपकरणातच एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते. आणखी दोन साध्या चाचण्यांनी दोष दाखवलाही होता. पण त्या चाचण्या मुख्य उपकरणाहून कमी अचूक, म्हणून त्यांचे म्हणणे बाजूला ठेवले गेले. तीन साक्षीदारांपैकी दोघे एक सांगत होते आणि विश्वास तिसऱ्यावर ठेवला गेला, कारण तो अधिक रुबाबदार होता. डिसेंबर १९९३मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दोषाच्या बरोबर उलट आकाराची प्रकाशसामग्री बसवली, तेव्हा ती दुर्बीण निवळली. चूक नेमकी किती आणि कशी झाली हे पूर्णपणे कळले होते, म्हणूनच तिचा उतारा इतका नेमका करता आला.

म्हणून वेधशाळांच्या नोंदवहीला मोल आहे. तीत तारा किती वाजता पाहिला एवढेच नसते. फोकसचा आकडा, आरशाचे आणि हवेचे तापमान, ताऱ्याची रुंदी, वाऱ्याची दिशा, पातळ ढग आले-गेले, सगळे असते. ‘दोन वाजता रुंदी वाढली, फोकस पाहिला, ठीक, घुमटात ऊब वाटते’ असा एक ओळीचा शेरा वर्षभराने कुणाला तरी वाचवतो. ज्याचे चित्र वाईट आले त्याने ते का वाईट आले हे लिहून ठेवले, तर ती रात्र अगदीच वाया गेली असे म्हणता येत नाही.

पहाटे पूर्व फटफटते. दुर्बीण उभी करून आरशावर झाकण येते, घुमटाची फट मिटते. आता दिवसभर आतली थंडी जपायची आणि ऊन बाहेर ठेवायचे. पुढच्या रात्रीची तयारी इथूनच सुरू झालेली असते.

माउंट विल्सनच्या त्या आरशाचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. ऑक्टोबर १९२३मध्ये एडविन हबल यांनी त्याच दुर्बिणीने देवयानीतील तेजोमेघाचा फोटो घेतला. काचेवर उमटलेल्या असंख्य ठिपक्यांतला एक ठिपका ठरावीक काळाने उजळतो आणि मंदावतो, असे जुन्या काचांशी पडताळून पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आले. त्या चढउतारावरून अंतर काढता आले, आणि तो तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या खूप पलीकडची, स्वतंत्र दीर्घिका असल्याचे निष्पन्न झाले. विश्व एका आकाशगंगेपुरते नाही, हे माणसाला या एका ठिपक्यावरून कळले. तो ठिपका शेजारच्या ताऱ्यांत मिसळून न जाता वेगळा दिसला, त्यामागे आरशाची घडण होती, त्या रात्रीची शांत हवा होती आणि फोकसवर घालवलेली काही मिनिटेही होती. सहा वर्षांपूर्वी त्याच आरशात एका गुरूचे अनेक गुरू दिसले होते, आणि दोन माणसांनी निकाल देण्याआधी काच निवण्याची वाट पाहिली होती.